एकीला जाऊ?

पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला येणारी मंडळी पाठीबद्दलच बोलतात, आणि ते रीतसरच आहे. टाके किती पडले, स्क्रू-बिक्रू घातलेत का, वाकता येतं का, आमच्या साडूंनाही गॅप होता पण त्यांनी सीमेवरच्या एका वैद्याकडून चोळून घेतलं आणि आता ते उसाच्या मोळ्या उचलतात, अशा अंगानं ते बोलणं सरकत राहतं. घरची माणसं मात्र पाठ ओलांडून केव्हाच पुढे गेलेली असतात. त्यांचा प्रश्न एकच असतो. तो स्वयंपाकघरातून येतो, बाथरूमच्या दाराबाहेरून येतो, पुण्याहून मोबाइलवर येतो, आणि इतका आखूड असतो की तिऱ्हाइताला वाटावं आंघोळीबद्दल चाललंय. ‘झाली का?’ माणूस साठी ओलांडलेला असतो, चार लोकांत त्याच्या शब्दाला वजन असतं, आणि या प्रश्नाला तो मान खाली घालून ‘थोडी झाली’ असं उत्तर देतो.

माझी कमरेतली अगदी शेवटची गादी सरकली होती. डॉक्टरांच्या बोलीत एल-फाइव्ह एस-वन. बायकोच्या बोलीत ‘ती खालची’. कमरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत उतरायची आणि पायाच्या करंगळीत जाऊन ठाण मांडायची. कळ माणसाइतकीच जुनी, पण तिचं बिंग फुटायला १९३४ साल उजाडावं लागलं. बॉस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोन डॉक्टरांनी दाखवून दिलं की दोन मणक्यांमधल्या गादीचा बाहेर आलेला तुकडा नसेवर बसतो आणि पाय बोंब मारतो. तोवर कण्यात असा तुकडा सापडला की सर्जन मंडळी त्याला गाठ समजत आणि काढून टाकत. म्हणजे आरोप चुकीचा आणि शिक्षा मात्र बरोबर. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडतं.

ऑपरेशनच्या आधी आमच्या डॉक्टरांनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढलं. मज्जारज्जू थेट माकडहाडापर्यंत उतरत असेल अशी माझी समजूत होती. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच आटोपतो. त्याखाली नुसत्या सुट्या नसा लोंबत असतात, आणि जुन्या शरीरशास्त्रज्ञांना त्यात घोड्याचं शेपूट दिसलं होतं. मी मिरजेच्या दवाखान्यात होतो. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे, गल्लीत भिंतींना टेकून अर्धेमुर्धे तंबोरे उभे असतात. त्यामुळे मला त्या चित्रात शेपटाऐवजी तंबोरा दिसला. वरून तारा उतरलेल्या आणि खाली भोपळा. त्या भोपळ्याच्या जागी डॉक्टरांनी एक गोल काढला आणि त्यात ‘ब्लॅडर’ असं लिहिलं. करंगळीकडे जाणारी तार आणि भोपळ्याकडे जाणाऱ्या तिघी अगदी शेजारीशेजारी. तंबोऱ्याच्या तारेखाली घोडीवर सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, आणि तो केसभर इकडेतिकडे झाला तर सूर बोदा होतो, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांना ते सांगावंसं वाटलं, पण ते चित्राखाली धोक्याच्या खुणा लिहीत होते : सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर वाटला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, दोन्ही पायांतला जोर गेला, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोनला यायचं. मी मान डोलावली. माझी नुसती करंगळी बधिर होती, आणि तेवढ्यावर भागेल अशी माझी कल्पना.

ऑपरेशन झकास झालं. शुद्धीवर आलो तर पायातली कळ गेलेली, इतकी की पाय आहे ना हे बघावंसं वाटलं. दुपारी डॉक्टरांनी अंगठा वर करायला लावला, खाली दाबायला लावला, आणि समाधानानं निघून गेले. संध्याकाळी सिस्टरनं पहिल्यांदा विचारलं, ‘‘काका, लघवी झाली का?’’ मी म्हणालो, होईल की. जन्मभर होत आलेली गोष्ट. त्या ‘होईल की’मध्ये जो निर्धास्तपणा होता तो परत म्हणून माझ्या आवाजात आला नाही.

रात्री आठच्या सुमाराला पोट भरलेलं कळत होतं, भांडं तयार होतं, पडदा ओढलेला होता आणि काहीही घडत नव्हतं. सिस्टरनं बेसिनचा नळ सोडला. हा उपाय दवाखान्यात शेकडो वेळा चाललेला असणार, कारण त्या दिवशीही तो चालला. आमच्या खोलीत दोन खाटा. शेजारी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, गुडघा बदललेला. नळाची धार लागली तशी आधी आमची ही ‘आलेच’ म्हणून उठली. मग त्यांची सून गेली. मग त्या गृहस्थांनी दबक्या आवाजात भांडं मागितलं आणि खणखणीत वापरलं. शेवटी सिस्टर स्वतः, नळ तसाच सोडून, दोन मिनिटांत येते म्हणाली. सगळी खोली मोकळी झाली. मी तेवढा राहिलो. मग वॉर्डातले मामा आले. त्यांनी पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि कृष्णाकाठच्या माणसाच्या धीरानं म्हणाले, ‘‘जोर लावू नगा काका. ढिलं सोडा. पानी आपल्या वाटंनं येतंय.’’

ढिलं सोडणं हेच तर अवघड. हाताला उचल म्हटलं की तो उचलतो, पापणीला मीट म्हटलं की ती मिटते. मूत्राशयाला असा हुकूम देता येत नाही. ते गुपचूप भरत असतं, दीडदोनशे मिलिलिटरच्या आसपास पहिली वर्दी देतं, चारपाचशेपर्यंत धीर धरतं. वर्दी नसांवरून वर चढत मेंदूच्या देठात एका बारक्या केंद्रापाशी पोचते. हे केंद्र बॅरिंग्टन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९२५ साली मांजरांमध्ये शोधलं. त्या केंद्राच्याही वर, कपाळामागे, आणखी एक वरिष्ठ बसलेला असतो आणि त्याचं काम एकच : आत्ता नको, लोक आहेत. माणूस लहानाचा मोठा होतो म्हणजे बऱ्याच अंशी हा वरिष्ठ कामावर रुजू होतो. त्यानं आपला नकार मागे घेतला की खालचा स्नायू सैल पडतो, पिशवी आवळते आणि काम होतं. म्हणजे आपली इच्छाशक्ती, जिच्यावर शाळेत इतके निबंध लिहून घेतले, ती इथे फक्त अडवायच्या कामाची. सोडायच्या बाजूला तिला कोणी विचारत नाही.

मराठी शाळेत हा नकार मागे घ्यायला बाई असत. करंगळी वर करायची आणि म्हणायचं, ‘‘बाई, एकीला जाऊ?’’ बाई फळ्याकडे तोंड करून त्रैराशिक मांडत असायच्या. त्या वळत नसत. नुसती मान हले, अंबाडा थोडा खाली येऊन पुन्हा वर जाई, आणि तेवढ्यानं आपण मोकळे. एकाची करंगळी वर गेली की ओळीनं पाचसहा जात, आणि ज्यांना मुळीच लागलेली नसे त्यांनाही शाळेमागच्या त्या काळपट भिंतीपाशी गेल्यावर लागे. परवानगी मिळाली आणि झाली नाही, असं अख्ख्या चौथीत एकाही पोराचं घडल्याचं ऐकिवात नाही. त्या रात्री खाटेवर पडल्यापडल्या मला त्या अंबाड्याची फार आठवण झाली. माझी करंगळी केव्हाची वर होती. वर्गात बाई नव्हत्या.

अकराच्या पुढे मुलगा पुण्याहून येऊन पोचला. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, प्रत्येक गोष्टीचं मूळ शोधायची त्याला सवय. त्यानं सिस्टरकडून कारणांची यादी मिळवली. भूल, दुखू नये म्हणून दिलेली कडक औषधं, उताणं पडून राहणं, बद्धकोष्ठ, वयानं सोबत दिलेली प्रोस्टेट, आणि ज्यांच्या शेजारी चाकू फिरला त्या रुसलेल्या नसा. यांपैकी कोण किती दोषी ते आत्ताच सांगता येत नाही, असंही तिनं सांगितलं. हिला त्यानं बळेच बाहेरच्या बाकावर झोपायला पाठवलं. शेजारचे गृहस्थ घोरत होते. मग त्यानं पडद्याच्या फटीतून बाहेर एकदा पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, माझ्याकडे न बघता खाटेच्या कडेला उभा राहिला आणि हळूच, ओठांच्या टोकानं, ‘शूऽऽ’ अशी शिट्टी घालू लागला.

तो तीनेक वर्षांचा असताना मी त्याला रात्री उठवून मोरीवर उभा करायचो. पोरगं झोपेतच असायचं, मान माझ्या मांडीवर कलंडलेली, आणि मी असाच ‘शूऽऽ’ करत एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहायचो. त्याला हे आठवत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बहुधा आठवतही नसावं. शिट्टी डोक्यात कुठे राहत नाही, ती त्याच तंबोऱ्यात कुठेतरी खाली बसून असते. तो बराच वेळ शूऽऽ करत राहिला, मध्ये श्वास घ्यायला थांबला, पुन्हा लागला. झालं काहीच नाही. पण खरं सांगतो, मधल्या काही क्षणांत मला कुठल्याही उपायाची घाई राहिली नव्हती.

मध्यरात्री पोटावर मशीन ठेवून पाहिलं तर ९०० मिलिलिटर. जिथे पाचशेला धीर सुटायचा तिथे हे. मग नळी घातली. त्या सुटकेचं वर्णन करायला गद्य पुरणार नाही, म्हणून नळीबद्दलच सांगतो. तिचा नंबर सोळा होता. हा नंबर पॅरिसचे हत्यारं बनवणारे शारिएर यांनी घालून दिलेल्या मापाचा, नळीच्या मिलिमीटरमधल्या जाडीची तिप्पट. म्हणजे सोळा नंबर झाला सव्वापाच मिलिमीटरहून जरासा जास्त. आत गेल्यावर ती निसटू नये म्हणून तिच्या टोकाशी एक इवलासा फुगा पाण्यानं फुगवतात. ती युक्ती १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या फ्रेडरिक फोली यांनी रूढ केली आणि नळीला त्यांचंच नाव पडलं. पण माझ्या मनात भरले ते बेंजामिन फ्रँकलिन. पतंग उडवून वीज उतरवली म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच. ज्या १७५२ साली ती पतंगाची गोष्ट घडली त्याच सालच्या डिसेंबरातली ही गोष्ट. त्यांच्या थोरल्या भावाला, जॉनला, वाकणारी नळी हवी होती. त्याला मूतखड्याचा त्रास होता. फ्रँकलिन उठले, चांदीचं काम करणाऱ्याच्या दुकानात गेले, नळी कशी हवी ते समजावलं आणि ती तयार होईपर्यंत तिथेच बसून राहिले, कारण त्याच टपालानं ती बॉस्टनला रवाना व्हायची होती. विजेपेक्षा मला ही बसून राहण्याची गोष्ट मोठी वाटते. आपल्या भावाच्या लघवीसाठी दुकानात बसून राहणारा माणूस कुणाच्याही घरात असावा.

नळी आली की पिशवी आली. ती खाटेच्या दांडीला लटकते, पारदर्शक असते आणि तिच्यावर आकडे छापलेले असतात, म्हणजे आपल्या सर्वांत खाजगी व्यवहाराचा ताळेबंद लोकांसमोर टांगलेला. भेटायला येणाऱ्यांची त्यामुळे फार पंचाईत होते. ते संत्री टेबलावर ठेवतात, खुर्चीवर बसतात, नजर नेमकी पिशवीवर पडते आणि तिथून थेट पंख्यावर जाते. आमचे एक जुने सहकारी अख्खी भेट पंख्याशी बोलले. अपवाद आक्काचा. माझी थोरली बहीण कवठ्याहून आली, तिनं आधी वाकून पिशवीच पाहिली आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाली, ‘‘रंग चांगलाय. पाणी पितोयस.’’ माझ्या कुठल्याच कर्तृत्वाचं तिनं इतक्या तत्परतेनं कौतुक केलेलं मला आठवत नाही.

दोनचार दिवसांनी नळी काढून बघितली. थोडी झाली, बरीचशी आत राहिली. झाल्यावर मशीन लावायचं आणि उरलेली मोजायची, असा तो सोपस्कार. पन्नासच्या आत उरली तर शाबासकी, दोनशेच्या वर गेली की डॉक्टर पेनचं टोपण चावतात. सीटचा तो भाग तपासला, तिथली जाण शाबूत होती, पुन्हा एमआरआय झाला, नसेवर काही बसलेलं नव्हतं. नसा रुसल्या आहेत, वेळ घेतील, असं ठरलं. नसेचा नवा धागा वाढायचा तर दिवसाला मिलिमीटरभर वाढतो म्हणे. सरकारी कामाला आपण उगाच नावं ठेवतो. मग वॉर्डातल्या एका तरण्या ब्रदरनं मला स्वतःच नळी घालून रिकामं व्हायला शिकवलं. हात साबणानं स्वच्छ धुवायचे, पुष्कळ जेल, घाई नाही. हे घरच्या घरी, निर्जंतुक खोलीशिवायही करता येतं, हे अमेरिकेतल्या जॅक लॅपिडिस यांनी १९७२ साली दाखवून दिलं, आणि तेव्हापासून किती माणसं घरी जाऊ शकली असतील, याचा विचार करून मी त्यांना मनोमन नमस्कार केला. पोराच्या वयाच्या शिक्षकानं माझ्या पहिल्या यशस्वी प्रयत्नाला ‘‘मस्त, काका!’’ म्हटलं. मला पाटी आणि फूटपट्टीसह पहिला नंबर मिळाल्यासारखं झालं.

घरी आलो तो जुलै संपत आलेला. सांगलीत त्या दिवसांत सगळं गाव पाण्याच्या आकड्यांवर जगतं. कोयनेतून विसर्ग किती, आयर्विन पुलापाशी पातळी किती, चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. आमच्या घरातही त्याच सुमाराला एक वही सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आत गेलेलं आणि बाहेर आलेलं रोज लिहून ठेवा. ही जिल्ह्यातल्या एका बँकेत कॅशियर होती, त्यामुळे वहीला पहिल्याच दिवशी आवक आणि जावक अशा दोन बाजू पडल्या आणि लाल पेन निघालं. चहा १५०. ताक २००. औषधाबरोबर पाणी १००. आमटीतलं पाणी धरायचं का, यावर आमची चर्चा झाली. कलिंगड पदार्थ की द्रव, यावर मुलाशी फोनवर झाली. त्यानं लगेच चारशेला इशारा आणि पाचशेला धोका अशी पातळी ठरवून दिली, आणि शेजारचे काका गेटातून हाक मारायला लागले, ‘‘काय, आज विसर्ग किती?’’

रात्री ही बेरीज मारायची आणि ती जुळायची नाही. आवक अठराशे, जावक तेराशे. नोकरीत पाच रुपयांचा फरक पडला तर शाखा बंद न करू देणारी बाई, तिला पाचशे मिलिलिटर पचेना. माझ्याकडे संशयानं बघून झालं. शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, घामातून, श्वासातून जातंच की अर्धा लिटर, कधी त्याहून जास्त. तेव्हा तिनं जावकेखाली नवी ओळ घातली, ‘किरकोळ’, आणि माझं रोजचं श्वास घेणं तिथे जमा होऊ लागलं.

एकदा रात्री बेरीज करता करता ती सहज बोलली. तिची पहिली शाखा तालुक्याच्या एका टोकाला होती. शाखेत बायकांसाठी सोय नव्हती, पुरुषांसाठीही नव्हती, पण पुरुषांना शाखेमागचं शेत होतं. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं परतायचं. मधे दिवसभरात पाणी अर्धा पेला, तोही दुपारी तीननंतर, म्हणजे हिशेबानं घर येतं. चहा कोणी दिला तर नुसता ओठांना लावायचा. ‘‘तुमची ही वही मी तोंडी ठेवत होते,’’ ती म्हणाली आणि बेरीज पुढे चालू केली. प्रागमध्ये १६०१ साली खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे एका मेजवानीत शिष्टाचार म्हणून टेबलावरून उठला नाही, नंतर घरी त्याची लघवी अडली आणि अकरा दिवसांनी तो गेला. ही गोष्ट चारशे वर्षं पुस्तकांतून सांगितली जाते, त्याचं थडगंही उकरून तपासून झालं. एका मेजवानीची ही कथा. तालुक्याच्या एसटीतून रोज सकाळी निघणाऱ्या बायकांचा शिष्टाचार कुणी टिपून ठेवलेला नाही. मुंबईत काही बायकांनी ‘राइट टू पी’ म्हणून मोहीम काढली तेव्हा पेपरात हसून छापणारेही होतेच.

चरकांनी सूत्रस्थानात अडवू नयेत असे तेरा वेग सांगितले आहेत. आक्का एकदा येऊन मला ती यादी ऐकवून गेली, तिच्या वैद्यांनी तिला दिलेली. मूत्र सगळ्यांच्या आधी. पुढे शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, झोप, आणि त्याच ओळीत अश्रू. आसवांना आणि लघवीला एका पंगतीत बसवणारा हा माणूस मला एकदम घरचा वाटला. आपण दोन्ही अडवायलाच शिकलेले. एकाला सभ्यता म्हणतात, दुसऱ्याला धीर.

पुढे एका पहाटे, नळीची तयारी करायला म्हणून मी उठलो, साबणानं हात धुवायला नळ सोडला आणि काही न ठरवता, काही न आवळता, ते झालं. पुरतं झालं. धारेला आवाज असतो हे मी विसरलो होतो. बाहेर ही उभी होतीच. ती कधी झोपायची हे मला त्या दिवसांत कळलं नाही. दार उघडलं तर तिनं नेहमीचा प्रश्न विचारला नाही, तिला ऐकू गेलं होतं. ती डोळ्यांना पदर लावून म्हणाली, डासांची कॉइल फार धूर करते. आमच्याकडे कॉइल लावत नाहीत, मशीन आहे. पण चरकांचे दोन वेग एकाच घरात, एकाच घटकेला मोकळे होत असताना मशीनचा मुद्दा कोण काढणार? मग नळी घालून उरलेली मोजली, ती साठ निघाली. शाबासकीच्या हद्दीपेक्षा दहा जास्त. तिनं लाल पेनानं तारीख लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या, वर्षअखेरीला मारतात तशा.

आता काठी टेकत गावातल्या आमराई बागेत सकाळी दोन फेऱ्या मारतो. तिथे आमच्या वयाच्या मंडळींचा कट्टा आहे, राजकारण आणि व्याजदर यांपलीकडे न जाणारा. माझी बातमी तिथवर पोचली होतीच. पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी एक निवृत्त प्राचार्य मला बाजूला घेऊन म्हणाले, रात्री किती वेळा उठता? मग एक इंजिनिअर, मग एक वकील. प्रत्येकानं आधी आजूबाजूला पाहून घेतलं, पडद्याच्या फटीतून पाहावं तसं. कुणाला धार तुटक, कुणाला शिंकेबरोबर थेंब, कुणी थिएटरात कडेचीच खुर्ची घेतो. इतकी वर्षं आम्ही कट्ट्यावर पाटबंधारे खात्याच्या चुका काढत बसलो, आणि प्रत्येकाचं एकेक धरण आतल्या आत चाललेलं होतं. महसुलातून निवृत्त झालेल्या एका काटेकोर गृहस्थांनी तर खिशातून घडी घातलेला कागद काढला. सांगली ते पुणे, पंपावर, धाब्यावर, टोलनाक्यापाशी कुठे कुठे थांबता येतं, किलोमीटरसकट. त्यांनी तो मला अशा थाटात दिला की आपण सातबारा घेतोय असं वाटावं.

मी तो घरी आणला. हिनं चष्मा लावून वाचला, वहीचं नवं पान उघडलं, सगळी ठिकाणं स्वच्छ अक्षरात उतरवली आणि शेजारी तीन रकाने आखले : पाणी, दिवा, आतून कडी. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आमराईत आली आणि त्या गृहस्थांसमोर वही धरून एकेक ठिकाणाचं विचारू लागली. पाण्याचं त्यांनी सांगितलं, दिव्याचं आठवून आठवून सांगितलं. कडीच्या रकान्याशी मात्र ते अडले, कपाळावर आठी घालून म्हणाले, ‘‘वहिनी, त्या बाजूला कधी गेलो नाही हो.’’

‘‘मग पुढच्या वेळी पुण्याला जाताना बघून या,’’ ही म्हणाली. ‘‘आधी दार वाजवा.’’